मातीचा गंध आणि टिकावाचा दांडा

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत की ते उच्चारले की विचार करण्याची जबाबदारी संपते. 'माती' हा त्यांतला अग्रगण्य शब्द. एखाद्या कादंबरीला 'मातीचा गंध' आहे म्हटले की ती उत्तीर्ण. एखाद्या कवीची 'मातीशी नाळ तुटली' म्हटले की तो अनुत्तीर्ण. चर्चासत्रांत, पीएच.डी.च्या प्रबंधांत, पुस्तकांच्या मलपृष्ठांवर आणि पुरस्कारांच्या मानपत्रांत हा शब्द गेली चाळीस-पन्नास वर्षे विनातक्रार राबतो आहे. मीही तो वीसेक वर्षे राबवला. एम. ए.च्या वर्गात ग्रामीण साहित्याची वैशिष्ट्ये सांगताना पहिले वैशिष्ट्य 'मातीशी अतूट नाते' असे फळ्यावर लिहिले आणि विद्यार्थ्यांनी ते परीक्षेत मला परत केले. या व्यवहारात कोणाचेही काही बिघडले नाही. बिघडले ते मी घरामागे भाजीचे वाफे करायला घेतले तेव्हा.

ही हकिकत थोडी तपशिलाने सांगितली पाहिजे, कारण माझा मुद्दा तपशिलाचाच आहे.

बारामतीच्या वाढत्या कडेला, जिथे आमच्या विद्यार्थिदशेत उसाचे फड होते तिथे, आता बिगरशेती भूखंड पडले आहेत. तशाच एका भूखंडावर आमचे घर आहे. मागे तीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी मोकळी पट्टी राहिली होती. तीत मेथी, पालक, वांगी, घेवडा लावावा, संध्याकाळी पाणी द्यावे, असे ठरवले. तीन वर्षांपूर्वीच्या चैत्रात, महाविद्यालयाच्या परीक्षा संपत आल्यावर, टिकाव, पहार, खोरे आणि दोन घमेली आणली. पहिला घाव घातला तो मुरमात. घर बांधताना वाट पक्की व्हावी म्हणून सहा-सात इंच मुरूम टाकून त्यावर रोलर फिरवलेला. त्यात सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, बांधणीच्या तारा, सिमेंटच्या पोत्यांच्या चिंध्या. चार संध्याकाळी खपून हा थर एका कोपऱ्यात मोकळा केला. खाली काळी माती लागली तेव्हा मी घरात जाऊन पत्नीला बोलावून आणले, विहिरीला पाणी लागल्यावर बोलावतात तसे.

काळी माती म्हणजे आपल्या साहित्यातली 'काळी आई'. उन्हाळ्यात ही आई दगडासारखी असते. आपल्याकडची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण मोठे आणि ती चिकणमाती अशी की पाणी मिळाले की फुगते, वाळली की आक्रसते. म्हणून तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. तिसऱ्या दिवशी टिकावाचा दांडा मोडला. नवा दांडा बसवला, तो पाचव्या दिवशी ढिला झाला. हाताला आलेले फोड फुटले आणि वर्गात खडू धरता येईना. मग शहाणपणा केला: रात्री नळी लावून जमीन भिजवली. सकाळी तिथे चिखल होता. खोरे आत गेले ते बाहेर येईना. आले ते तीन किलो माती घेऊन. चपला तिथेच रुतल्या. तो चिखल मी उपसून बाजूला रचला, आणि चार दिवसांनी त्याची ढेकळे झाली. ती फोडायला पुन्हा टिकाव.

ज्येष्ठात पाऊस पडला. ढेकळे विरघळली आणि मी कसाबसा एक गादीवाफा तयार केला. मेथी उगवली, दोन पानांवर आली आणि पानांच्या कडा करपू लागल्या. घेवडा तर उगवलाच नाही. उगवला तो लव्हाळा. लव्हाळा ज्यांनी उपटला आहे त्यांना सांगायला नको: वरचे पाते हातात येते, खालची गाठ जमिनीत राहते आणि आठवड्याने एकाच्या जागी तीन उभे राहतात. पावसाची उघडीप पडली तेव्हा वाफ्यावर पांढरी साय धरल्यासारखे दिसू लागले. माती तपासून घेतली. सामू ८.७ निघाला. जमीन चोपण. जिप्सम टाका, धैंचा पेरून गाडा, पाण्याचा निचरा होण्यासाठी चर काढा, असा सल्ला मिळाला. चर काढा म्हणजे पुन्हा खणा.

हा पांढरा थर कोठून आला याचा शोध घेताना माझ्यातला साहित्याचा मास्तर पहिल्यांदा अडखळला. माझ्या वाफ्यातले मीठ हा निसर्गाचा लहरीपणा नव्हता. तो इतिहास होता. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि पुरंदरपासून बारामती, इंदापूरपर्यंतच्या कोरड्या मुलखात बारमाही पाणी आले. पाण्यामागून ऊस आला, गूळ आला, पुढे सहकारी साखर कारखाने आले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर ही नावे या सुबत्तेची नावे आहेत. पण भारी जमिनीला पाणी देत राहिले आणि निचरा झाला नाही की खालचे पाणी वर येते, येताना क्षार आणते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार राहतात. हे कळायला शतक लागले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात काम करणाऱ्या डॉ. हॅरल्ड मान यांनी आपल्या सहकाऱ्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर १९१० सालीच पुस्तिका प्रसिद्ध केली होती. कालव्याला अवघी पंचवीस वर्षे झाली होती तेव्हा. म्हणजे ज्या मातीची 'आदिम ओढ' मी वर्गात समजावून सांगत होतो, ती माती दीडशे वर्षांच्या पाणीवाटपाने, पीकपद्धतीने आणि राजकारणाने घडलेली आणि बिघडलेली होती. तिच्यात आदिम असे काही असलेच तर ते माझ्या टिकावाखाली आलेले बेसॉल्टचे खडे.

इथे कोणी म्हणेल, एका प्राध्यापकाला खणता आले नाही, त्यात समीक्षेचा काय दोष? दोष आहे, तो असा की समीक्षेने मला जी माती शिकवली तीत खणणे नव्हतेच. तीत गंध होता, ओल होती, नाळ होती, कुशी होती. ढेकूळ नव्हते. सामू नव्हता. दांडा नव्हता, तर दांडा धरणारा हात कोठून असणार?

तो हात पुढे माझ्या परसात आला. लव्हाळ्यापुढे हात टेकल्यावर खुरपणीसाठी एक बाई येऊ लागल्या. वय पंचावन्नच्या पुढे. मूळच्या इंदापूर तालुक्यातल्या, भीमाकाठच्या. उजनीचे धरण झाले तेव्हा त्या लहान होत्या. त्यांच्या वडिलांची नदीकाठची गाळाची जमीन पाण्याखाली गेली आणि बदल्यात मिळाली ती माळाची, खडकाळ. उन्हाळ्यात जलाशय आटला की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. त्याच मंदिराच्या आसपासची काळी माती ज्यांच्या घराचे पोट भरत होती, त्यांच्यातल्या या एक. पहिल्याच दिवशी मी उत्साहाने खोरे उचलले तर म्हणाल्या, "सर, आज नका हात लावू. वाफसा येऊ द्या." मी विचारले, "मावशी, वाफसा आला हे कळायचं कसं?" त्यांनी मूठभर माती घेतली, दाबली आणि सोडली. "मूठ वळली पायजे, पण खाली पडली की फुटली पायजे. चिकाटली तर वली, वळलीच न्हाई तर वाळली."

वाफसा हा शब्द मला ठाऊक होता. कोशातला अर्थही सांगता आला असता. पण ओल आणि हवा यांचा जो थोडा काळ टिकणारा मेळ असतो, ज्या चार-दोन दिवसांतच काळ्या मातीत अवजार चालते, तो मी कधी तळहातावर पाहिला नव्हता. चैत्रापासून मी जे काही सोसले ते बव्हंशी वाफसा न पाहिल्याचे फळ होते. मराठी भाषेने हे ज्ञान एका शब्दात साठवून ठेवले होते आणि मराठीचा अध्यापक त्या शब्दावर उभा राहून चिखल तुडवत होता.

त्याच पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. दोन आठवड्यांच्या खंडानंतर सर पडली. मी ओट्यावर उभा होतो. सवयीने बोलून गेलो, "मावशी, काय वास येतोय मातीचा!" त्यांनी वर न पाहता उत्तर दिले, "हां. आता गवत उगवंल."

ज्या गंधावर आपण परिच्छेदच्या परिच्छेद लिहिले तो मातीतल्या विशिष्ट जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन नावाच्या संयुगाचा असतो, हे विज्ञान सांगते. मावशींसाठी तो पुढच्या आठवड्याच्या कामाची सूचना होती. कमरेतून वाकून करायच्या कामाची. आपल्या समीक्षेला यांपैकी एकही अर्थ माहीत नाही, कारण तिने गंध नेहमी ओट्यावर उभे राहून घेतला.

आता मूळ आक्षेपाकडे येतो. 'माती' हा निकष आपण सर्व लेखकांना लावतो का? आमच्याच गावाचे उदाहरण घ्या. मोरोपंत बारामतीचे; येथेच राहिले आणि १७९४ साली येथेच वारले. त्यांच्या आर्यांना कऱ्हाकाठच्या मातीचा गंध आहे का, असे आजवर कोणी विचारलेले मला ठाऊक नाही. त्यांची परीक्षा छंद, यमक, शब्दकळा, भक्ती यांवर होते, आणि ते योग्यच आहे. पण त्याच गावच्या उसाच्या फडातून आलेल्या मुलाने कविता लिहिली की पहिला प्रश्न मातीचा! जणू त्याच्याकडे भाषा, रचना, विचार नसणारच; असलीच तर माती असेल. शहरातल्या लेखकाला आपण 'काय म्हणतोस' असे विचारतो आणि खेड्यातल्या लेखकाला 'कोठून आलास' असे. कौतुकाच्या वेषातली ही जातपडताळणीच आहे. ग्रामीण, दलित, आदिवासी लेखकांच्याच वाट्याला ती येते, हा योगायोग नव्हे.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे आणि तीत मी आरोपी आहे. काही वर्षांपूर्वी अंतर्गत मूल्यमापनासाठी मी बी. ए.च्या वर्गाला 'माझे गाव, माझी माती' असा निबंध दिला होता. बहुतेकांनी अपेक्षित ते लिहिले: काळी आई, घामाचे मोती, बळीराजा. एका मुलीने लिहिले की तिला माती आवडत नाही. सुटीच्या दिवशी खुरपायला जावे लागते, नखांतली माती सोमवारी वर्गात लपवावी लागते, आई रात्री पाठ शेकत असते, आणि पदवी मिळाली की आपण अशा घरात राहणार आहोत जिथे फरशी असेल आणि परस नसेल. निबंध दीड पानाचा होता. शुद्धलेखन बरे होते. मी वीसपैकी नऊ गुण दिले आणि समासात शेरा मारला: 'ग्रामीण संवेदनशीलतेचा अभाव'.

त्या वर्गातला तो एकमेव ग्रामीण निबंध होता. हे मला तेव्हा कळले नाही. कळायला माझ्या तळहाताची साल जावी लागली. ती मुलगी पुढे कोठे गेली मला माहीत नाही. उत्तरपत्रिका नियमाप्रमाणे ठरावीक काळ ठेवून रद्दीत गेली. पण आपल्या निकषाने काय होते याचा तो पुरावा होता: ज्याला श्रमाचा अनुभव आहे त्याने तो आपल्याला गोड वाटेल अशा भाषेत सांगावा, नाहीतर गुण कापले जातील. मुले हुशार असतात. ती गुण कापून घेत नाहीत. ती 'काळी आई' लिहायला शिकतात. मग आपण चर्चासत्र भरवतो की नव्या पिढीच्या ग्रामीण लेखनात अनुभवाचा अस्सलपणा का नाही!

याचा अर्थ मराठीत मातीवर खरे लिहिले गेले नाही असा नाही. उलट भरपूर लिहिले गेले आहे. आपण ते वाचताना डोळे मिटतो. जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालचा. त्यात माती आहे ती पावसाने वाहून जाणारी, ताली-बंधाऱ्यांनी अडवायची, नदी-तलावांतला गाळ शेतकऱ्याला फुकट मिळावा म्हणून सरकारकडे मागायची माती. तिचा गंध नव्हे, हिशेब आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आणली तेव्हा ही मागणी किती जुनी आहे हे मराठीच्या विभागांनी सांगायला हवे होते. आम्ही 'असूड' गद्यशैलीच्या प्रश्नापुरता ठेवला होता. आनंद यादवांची 'झोंबी' (१९८७) ही मातीशी नाळ जोडून ठेवण्याची कथा म्हणून शिकवली जाते. वास्तविक ती रानातल्या राबणुकीतून सुटून शाळेत जाण्यासाठी एका मुलाने बापाशी आणि रानाशी दिलेल्या झुंजीची कथा आहे, हे नावच सांगते. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधील कौतिकचे कष्ट, बहिणाबाईंच्या कवितेतली कामाची लय, ही सारी कामाची भाषा आहे. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. तेव्हापासून आपण त्यांना 'निसर्गकन्या' म्हणून गौरवतो आहोत. राबणाऱ्या बाईला निसर्गकन्या म्हणण्यात केवढी सोय आहे! निसर्गाला मजुरी द्यावी लागत नाही.

आणि सावता माळी. इंदापूरहून सोलापूरच्या वाटेला लागले, टेंभुर्णी ओलांडली की पुढे मोडनिंबजवळ अरण आहे. सावतोबा पंढरीला गेले नाहीत, पांडुरंगच मळ्यात आला, ही परंपरा आपण भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतो. परसात तीन वर्षे काढल्यावर मला तिचा आणखी एक, साधा अर्थ सुचतो: भाजीचा मळा सोडून जाता येत नाही. पाण्याची पाळी असते, तण असते, तोडणी असते. आषाढी नेमकी ऐन हंगामात येते. देवाने भक्ताची अडचण ओळखली एवढे तरी म्हणावे. मराठीच्या विभागांना ती अजून ओळखता आलेली नाही.

दोन आक्षेपांचा विचार करून थांबतो. पहिला: समीक्षकाने खणायला जावे अशी ही मागणी आहे का? नाही. खून न करता खुनाची कादंबरी वाचता येते. माझी मागणी फार लहान आहे. 'माती' हे उत्तर म्हणून लिहिण्याआधी काही प्रश्न विचारावेत. माती कोणाच्या नावावर आहे? अवजार कोणाच्या हातात आहे? पाणी कोठून येते आणि कोणाला येत नाही? कालव्याखालच्या बारामतीची माती आणि सुप्या-मोरगावकडच्या जिरायती पट्ट्याची माती एकाच तालुक्यात राहून एक नाही. मग ती साऱ्या मराठी साहित्यात एक कशी असेल? या प्रश्नांनी कादंबरीचे वाचन कोरडे होणार नाही. पात्रांच्या हातात काय आहे हे निदान दिसू लागेल.

दुसरा आक्षेप अधिक प्रेमळ आहे: आज शहरांतून, गच्च्यांवरून लोक पुन्हा मातीकडे वळत आहेत, बचत गटांच्या आणि शाळांच्या पोषण परसबागा होत आहेत, अशा वेळी हा निराशेचा सूर कशाला? परसबागेला माझा विरोध नाही. ताटात पालेभाजी यावी हा हेतू उत्तम आहे. पण परसबागेच्या गौरवलेखांत पाणी ओतणारी बाई आपोआप ओतत असते. स्वयंपाक, मजुरी आणि पाणी भरणे उरकून हे चौथे काम तिच्या दिवसात कोठे बसवायचे, हे कोणी लिहीत नाही. माझ्या पहिल्या वर्षाचा हिशेब वहीत आहे: ट्रॉलीभर गाळ, शेणखत, जिप्सम, अवजारे आणि मजुरी मिळून नऊ हजार रुपये, उत्पन्न पालकाच्या चार जुड्या आणि अकरा वांगी. मला हा तोटा पगारातून सोसता आला. ज्यांना सोसता येत नाही त्यांना 'मातीकडे वळा' असे सांगण्याचा अधिकार मला नाही.

वाफ्यांचे पुढे काय झाले, हे विचारले जाईल म्हणून सांगतो. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांचे आणि त्यांच्या प्रयोग परिवाराचे काम मी फार उशिरा वाचले. जमिनीशी मारामारी करण्याऐवजी पालापाचोळा कुजवून माती घडवावी, हा त्यांचा धडा. दुसऱ्या वर्षी खणणे सोडले. विटांची दीड फूट उंच चौकट केली, तीत उसाचे पाचट, शेणखत आणि गाळ यांचे थर रचले. तळाशी मावशींच्या सांगण्यावरून एक चर ठेवला. क्षार सोसणारे पालक आणि बीट येतात. घेवडा अजूनही येत नाही. लव्हाळा विटांच्या फटीतून येतो.

या वर्षी पुन्हा निबंध द्यायचा होता. विषयातून 'माती' काढून टाकली आणि 'मला माहीत असलेले एक काम' असे लिहिले. तपासायचे गठ्ठे टेबलावर आहेत. पहिल्याच वहीत एका मुलाने ऊसतोडणीत मोळी कशी बांधतात ते लिहिले आहे. पाचटाने कापलेल्या बोटांना काय लावतात तेही. गंधाचा उल्लेख कोठेही नाही. शेरा काय लिहावा याचा विचार करतो आहे. गुण मात्र देऊन टाकले आहेत.